‘तू सांग, आम्ही बनवतो’ म्हणणारी टीम

पत्र: मी पुण्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. सहकारी पतसंस्थांसाठी लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. पाच-सहा वर्षं डेव्हलपर म्हणून काढल्यावर मला प्रॉडक्ट मॅनेजर केलं. गेल्या वर्षभरात आम्ही पिग्मी एजंटांचं, म्हणजे रोज दारोदार जाऊन ठेवीचे पैसे गोळा करणाऱ्यांचं, मोबाइल ॲप पार नव्याने केलं. स्क्रीन देखण्या झाल्यात, संस्थांच्या अध्यक्षांना डेमो फार आवडला. पण एजंट चार दिवस नवं ॲप वापरतात आणि परत जुन्यावर जातात. आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, म्हणतात, ‘एक तारखेपासून जुनं बंदच करून टाका, झक मारत वापरतील.’ त्यांचा दर सोमवारचा प्रश्न ठरलेला असतो, ‘या महिन्यात किती फीचर्स गेली?’ सेल्सवाले दर आठवड्याला कुठल्या तरी अध्यक्षांना काहीतरी कबूल करून येतात. टीममधला सगळ्यात अनुभवी डेव्हलपर कालपर्यंत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. तो आता प्रत्येक मीटिंगमध्ये एवढंच म्हणतो, ‘तू सांग, आम्ही बनवतो.’ बाकीचे गप्प. परवा रिलीजनंतर एक मोठा बग निघाला, तर टेस्टिंगवाली मुलगी म्हणाली, ‘मला दोन आठवड्यांपूर्वीच दिसला होता.’ मी प्रॉडक्ट मॅनेजमेंटचा एखादा कोर्स करू का? की परत कोडिंगकडे वळू? या कामाची माझ्यात कुवतच नाही असं वाटायला लागलंय.
– एक प्रॉडक्ट मॅनेजर, पुणे

उत्तर:

कोर्सचं आधी उरकून टाकतो. करायचा असेल तर खुशाल करा. चार नवे शब्द कळतील, चार माणसं ओळखीची होतील, बायोडेटावर एक ओळ वाढेल. तुमच्या पत्रातल्या दुखण्यावर मात्र ते औषध नाही, आणि कोर्सची फी भरण्याआधी करून बघण्यासारखं एक काम आहे. त्याला एसटीच्या तिकिटापलीकडे खर्च नाही.

तुमच्या पत्रात अध्यक्ष आहेत, त्यांना काय आवडलं ते आहे. सर आहेत, ते काय म्हणाले ते आहे. शेजारच्या खुर्चीवरचा डेव्हलपर, टेस्टिंगवाली मुलगी, जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडचं एकेक वाक्य आहे. फक्त एजंट मुका आहे. तो जुन्या ॲपवर जातो एवढंच कळतं. का जातो, जाताना काय पुटपुटतो, जुन्यात त्याला काय सोपं पडतं, याबद्दल एक अक्षर नाही. ज्याच्यासाठी वर्षभर राबलात त्याचं म्हणणं तुमच्याकडे नाही, मग ते टीमकडे कुठून असणार? बाकीच्या तक्रारींची मुळंही मला इथेच दिसतात. खरं काय ते कुणालाच ठाऊक नसलं की ज्याचा आवाज मोठा किंवा खुर्ची मोठी, त्याचं खरं ठरतं. मग अध्यक्षांना हवं म्हणून एक गोष्ट होते, सरांना वाटलं म्हणून दुसरी, आणि टीम म्हणते, तू सांग, आम्ही बनवतो.

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका कलेक्शन ॲपच्या कामात होतो. एका तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी, एका पिग्मी एजंटबरोबर दिवसभर हिंडलो. पन्नाशीचे गृहस्थ, खांद्याला रेक्झिनची बॅग, शर्टाच्या खिशात फोन. पहिलं दुकान किराण्याचं. दुकानदार एका हाताने तराजू सांभाळतोय, दुसऱ्या हाताने गल्ल्यातून शंभराची नोट काढून पुढे धरतोय, तोंड गिऱ्हाइकाकडेच. आमच्या एजंटांनी नोट घेतली, बॅगेतून छोटी डायरी काढली, खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे आणि त्यापुढे १०० असं लिहिलं, ‘येतो शेठ’ म्हणाले आणि पुढचं दुकान गाठलं. ॲप खिशातच. भाजीवाली, सायकलवाला, सलून, पानटपरी, सगळीकडे हाच प्रकार. संध्याकाळी ते एका चहाच्या हॉटेलात बसले, चष्मा लावला, डायरी उघडली आणि दिवसभराच्या नोंदी एका बैठकीत ॲपमध्ये भरून टाकल्या.

आता यातली गंमत. त्या ॲपमध्ये प्रत्येक पावतीबरोबर वेळ आणि ठिकाण नोंदलं जायचं. हेड ऑफिसात त्याचा नकाशा दिसायचा आणि संचालक मंडळ त्या नकाशावर भलतंच खूश होतं. नकाशा कुणी नीट पाहिला असता तर कळलं असतं की गावातले यच्चयावत खातेदार रोज संध्याकाळी त्या एकाच चहाच्या हॉटेलात जमून पैसे भरतात!

एजंट कामचुकार होते म्हणून हे होत नव्हतं. कमिशनवर जगणारा माणूस तो. पावती निघेपर्यंत दुकानदाराला ताटकळत ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी दुकानदार ‘नंतर या’ म्हणतो, आणि पिग्मीत दोन-चारदा ‘नंतर या’ झालं की ते खातं बंद पडायला लागलं असं समजायचं. दारात जायचं, थोडक्यात आटपायचं, यावरच हा धंदा उभा आहे. १९२८ साली, पुढे जी सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली तिने कर्नाटकच्या किनारपट्टीत पिग्मी ठेव सुरू केली ती रोज दोन आणे दारोदार जाऊन गोळा करत. शंभर वर्षं होत आली, नाणी गेली, नोटा बदलल्या, पण दुकानदाराच्या हातातली घाई तीच आहे.

तुमचं नवं ॲप मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यात काय चुकलं असेल याचे अंदाज बांधत बसत नाही. काय बघायचं ते सांगतो. एजंट खातं नावाने शोधतो की नंबर त्याला पाठ असतात? फोन कुठल्या हातात आणि नोट कुठल्या? दुपारच्या उन्हात तुमच्या डिझायनरने निवडलेली फिकट राखाडी अक्षरं दिसतात का? मार्केटच्या तळघरात नेटवर्क गेलं की ॲप काय करतं आणि एजंट काय करतो? ब्लूटूथचा प्रिंटर जोडला जाईपर्यंत तो दुकानदाराशी काय बोलून वेळ काढतो? आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे तो ॲप बाजूला ठेवून कागदाकडे कधी वळतो. तिथे तुमचं पुढच्या तीन महिन्यांचं काम लिहिलेलं असतं. त्याला प्रश्न कमी विचारा. ‘ॲप कसं वाटलं?’ असं विचारलं की कुठलाही सभ्य माणूस ‘छान आहे मॅडम’ म्हणतो आणि संध्याकाळी जुनं उघडतो.

हे काही माझं शहाणपण नाही. तुमच्या पदाचं मूळ शोधत गेलं तर बहुतेक जण एका जुन्या टिपणापाशी येऊन थांबतात. अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय नावाचा तरुण कॅमे साबणाच्या जाहिरातीचं काम बघायचा. कंपनीचाच आयव्हरी साबण समोर ठाकलेला, त्यामुळे कॅमेकडे कुणी धड लक्ष देईना. वैतागून त्याने १९३१ च्या मे महिन्यात तीन पानांचं टिपण लिहिलं. एकेका ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेणारी माणसं नेमा, असं त्याचं म्हणणं. त्या माणसाने काय करायचं याच्या यादीत हेही आहे की जिथे माल खपत नाही त्या भागात स्वतः जा, दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांचा अभ्यास करा आणि दुखणं कुठे आहे ते शोधा. साबणाचं टिपण आहे, सॉफ्टवेअर शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. हा मॅकेलरॉय पुढे आयझेनहॉवरच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री झाला, ती गोष्ट वेगळी. टिपणात त्याने सुचवलेल्या नेमणुकीत जबाबदारी सगळी होती आणि हाताखाली कुणाला हुकूम सोडण्याची सोय फारशी नव्हती. तुमच्याकडेही तेच आहे. टीम तुम्हाला रिपोर्ट करत नाही, सेल्स करत नाही, सर तर नाहीच नाही. अशा माणसाकडे एकच भांडवल असतं, बाकीच्यांनी न पाहिलेलं त्याने पाहिलेलं असतं.

पण एकट्या जाऊ नका, आणि हे मी मुद्दाम सांगतो आहे. तुम्ही एकट्या गेलात, परत येऊन दहा पानांचं डॉक्युमेंट लिहिलंत आणि जिरावर, म्हणजे कामं वाटायच्या सॉफ्टवेअरवर, तिकिटं टाकलीत, तर तुम्ही पोस्टमन झालात. पत्र वेगळ्या गावाहून आलं एवढाच फरक. त्या अनुभवी डेव्हलपरला बरोबर घ्या. एजंटने ॲप खिशात ठेवून डायरी काढलेली त्याच्या डोळ्यांनी त्याला दिसू दे. आपण लिहिलेला कोड समोरचा माणूस टाळतोय हे ज्याने बघितलं, त्याला नंतर ‘काम मनावर घे’ म्हणून सांगावं लागत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

त्याच्या ‘तू सांग’बद्दल थोडं. त्यात दोन गोष्टी असू शकतात. एक म्हणजे ती जागा त्याला हवी असेल. असेल तर ते मीटिंगमध्ये सुटणार नाही. कॅन्टीनच्या बाहेर कुठेतरी चहाला घेऊन जा आणि सरळ विचारा, ‘तुला राग आलाय का?’ इतकी वर्षं शेजारी बसलात, तेवढा हक्क आहे. दुसरी शक्यता मला जास्त वाटते. त्याच्यापुढे आजवर तयार स्क्रीनच येत राहिल्या. ‘हे कशाला?’ असं त्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हा उत्तर आलं, अध्यक्षांना हवंय. दुसऱ्यांदा विचारलं, सरांनी सांगितलंय. हुशार माणूस तिसऱ्यांदा विचारत नाही. तो मान खाली घालून कोड लिहितो आणि सहाला निघतो.

आणि तुम्ही स्वतः डेव्हलपर होतात, म्हणून यात तुमचाही पाय घसरण्याची जागा आहे. तुम्हाला उत्तर पटकन सुचतं. ‘होम स्क्रीनवर नंबर पॅड टाक’ असं तिकीट तुम्ही पाच मिनिटांत लिहाल, आणि तो ते टाकेल. त्याऐवजी त्याला म्हणून बघा, ‘हे बघ, एजंट आधी डायरीत लिहितात, मग रात्री ॲपमध्ये भरतात. हा दुहेरी खटाटोप मोडायचाय. दुकानदाराने नोट पुढे केल्यापासून एजंटची पाठ वळेपर्यंत नोंद झाली पाहिजे. कशी, ते मला माहीत नाही.’ मग गप्प बसा, हेच अवघड आहे. तो कदाचित म्हणेल की एजंट रोज त्याच वाटेने जातो, तर कालच्या क्रमाने पुढचं खातं आपोआप वर आणता येईल, रक्कमही बहुतेक रोजचीच असते, म्हणजे एकदा अंगठा टेकवला की झालं. कुठली गोष्ट दोन दिवसांत होते आणि कुठली दोन महिन्यांत, हे रोज त्या कोडमध्ये हात घालणाऱ्याला जितकं कळतं तितकं तुम्हाला आता कळणार नाही. स्टँडअप, स्प्रिंट, रेट्रो, म्हणजे रोजची उभ्याउभ्याची बैठक, कामाचे छोटे टप्पे आणि टप्प्याअखेरचा आढावा, हे सगळं तुमच्याकडे चालू असणारच. २००१ च्या फेब्रुवारीत युटामधल्या स्नोबर्डला १७ जणांनी जमून ॲजाइलचा, म्हणजे थोडं थोडं करत आणि बदलत सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला, त्यातल्या चार मूल्यांपैकी पहिलंच प्रक्रियेपेक्षा आणि साधनांपेक्षा माणसांना आणि त्यांच्या आपसातल्या बोलण्याला मोठं मानणारं आहे. आपल्याकडे त्यातून जिरा तेवढं उरलं!

आता कुणी विचारेल, म्हणजे एजंट म्हणेल ती पूर्व दिशा का? मुळीच नाही. एजंट तुम्हाला हमखास सांगेल की खातेदाराला जाणारा तो एसएमएस बंद करा, फार कटकट होते. तो बंद करायचा नाही. पिग्मीचे गोळा केलेले पैसे संस्थेत न भरणाऱ्या एजंटांच्या बातम्या तुम्हीही वाचता, आणि पैसे जमा झाले की नाही हे खातेदाराला त्या एसएमएसवरूनच कळतं. तुमचं सॉफ्टवेअर विकत घेतात अध्यक्ष, वापरतो एजंट, आणि पैसे असतात त्या भाजीवालीचे, जी ॲप विकतही घेत नाही आणि वापरतही नाही. तिच्या बाजूने बोलायला कुठल्याच मीटिंगमध्ये कुणी नसतं. ते तुम्ही व्हायचं.

मुंबईच्या लोकलवाल्यांना फोनवर तिकीट काढायचं रेल्वेचं यूटीएस ॲप चांगलं आठवत असेल. २०१४ च्या अखेरीस मुंबईत ते सुरू झालं. स्टेशनात शिरल्यावर, रुळांच्या अगदी जवळ उभं राहून त्यावर नेहमीच्या पद्धतीने तिकीट निघायचं नाही. माणसं चिडायची. गाडी समोर आलेली आणि ॲप म्हणतंय लांब जा. पण ती अडचण मुद्दाम ठेवलेली होती, नाहीतर टीसी दिसला की खिशातून फोन काढणाऱ्यांची रांग लागली असती. मग जो प्रामाणिकपणे विसरला त्याच्यासाठी स्टेशनवर क्यूआर कोड लावले, तो स्कॅन करा आणि तिकीट काढा. कुणाची गैरसोय मुद्दाम ठेवायची, कुणाची काढून टाकायची आणि ठेवलेल्या गैरसोयीतून भल्या माणसाला वाट कशी द्यायची, हे ठरवणं म्हणजे तुमचं काम. बाकीचं काम कॅलेंडर आणि स्प्रेडशीट करतं. तुमच्या बाबतीत सुदैवाने भांडण तितकं टोकाचं नाही. नोंद दुकानातच झाली तर एजंटची संध्याकाळ सुटते, भाजीवालीला एसएमएस तिथल्या तिथे मिळतो आणि अध्यक्षांचा नकाशा खरा होतो. तिघांचं भलं एकाच जागी सापडणं नेहमी घडत नाही, तेव्हा ते आधी उचला.

टेस्टिंगवाल्या मुलीचा प्रसंग मला तुमच्या पत्रात सगळ्यात गंभीर वाटला, आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलाय. पैशांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन आठवडे आधी माहीत असलेला बग रिलीज होतो याचा अर्थ सांगण्यापेक्षा न सांगणं तिला सुरक्षित वाटलं. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या नर्सिंगच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांकडून औषध देण्यातल्या चुका कमी होत असतील, अशी अपेक्षा. आकडे आले ते उलटे, चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर कळलं की तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या, म्हणून कागदावर जास्त दिसत होत्या. तेव्हा तुमच्याकडे पुढच्या महिन्यात बगांची संख्या वाढली तर सरांनी डोळे वटारण्याआधी त्यांना ही गोष्ट सांगा.

करायचं काय? मागच्या वेळी रिलीजच्या तोंडावर कुणी बग आणला तेव्हा खोलीतले चेहरे कसे झाले होते ते आठवा. ‘आत्ता सांगतेस?’ हे वाक्य तुमच्या ऑफिसात कुणी उच्चारलं असेल तर त्या दिवसापासून तुमची टेस्टर मुकी झाली. यापुढे डेमो संपला की पहिलं बोलणं तिचं, आणि प्रश्न एकच, ‘यात काय तुटेल असं तुला वाटतं?’ रुपयाचा हिशेब चुकवणारा बग दिसला तर रिलीज थांबवायचा अधिकार तिला सगळ्यांसमोर द्या. तो अधिकार ती पहिल्यांदा वापरेल तेव्हा सेल्सवाले तुमच्याकडे धावत येतील. त्या वेळी तुम्ही कुणाच्या बाजूला उभ्या राहता हे अख्खी टीम बघत असेल.

सेल्सवाल्यांचं. त्यांना शत्रू समजू नका, त्यांच्या पगाराचा मोठा हिस्सा त्या ‘हो’वर अवलंबून असतो. मात्र अध्यक्षांचा निरोप त्यांच्या तोंडून घेणं बंद करा. एकदा त्यांच्याबरोबर संस्थेत जाऊन बसा. अध्यक्ष म्हणतील, ‘मला रोज सकाळी मोबाइलवर डॅशबोर्ड पाहिजे.’ विचारा, ‘तो नसल्यामुळे गेल्या महिन्यात काय अडलं, साहेब?’ बऱ्याचदा निघतं ते असं की लेखापरीक्षणात एका एजंटचं येणं जुळलं नव्हतं आणि सभेत कुणीतरी त्यावरून धारेवर धरलं होतं. त्यांना हवी असते एकच ओळ, ‘काल कुणाचा भरणा आला नाही’. ती व्यवस्थापकाला सकाळी मेसेजवर गेली तरी पुरते. डॅशबोर्डचे तीन महिने वाचले.

संस्थांचं वर्षही डोक्यात ठेवा. मार्चअखेर ताळेबंदाची धावपळ, मग लेखापरीक्षण, मग सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा. सभेच्या आधीच्या दोन महिन्यांत अध्यक्षांच्या मागण्यांना ऊत येतो, कारण सभासदांसमोर काहीतरी नवं दाखवायचं असतं. ते धरूनच आखणी करा. आणि एक पानाचा कागद चालू ठेवा. कुणी, कुणाला, काय, कधीपर्यंत कबूल केलंय, आणि ते करायचं तर आधी ठरलेलं काय मागे पडेल. दर सोमवारी तो सरांपुढे. ‘नाही’ तुम्हाला म्हणावंच लागत नाही, शेवटचा रकाना वाचून सरच म्हणतात. निदान निम्म्या वेळा तरी.

सरांच्या ‘किती फीचर्स गेली’वर चिडू नका. त्यांना मोजायला तुम्ही दुसरं काही दिलेलं नाही. त्यांना मायक्रोसॉफ्टची गोष्ट सांगा. तिथे नव्या कल्पना थोड्या लोकांवर आधी आजमावून बघायची पद्धत रॉनी कोहावी या माणसाने रुजवली. त्यांच्या हिशेबात, चाचणीला लावलेल्या कल्पनांपैकी साधारण एक तृतीयांशच उपयोगी पडल्या. तितक्याच कल्पनांनी काही फरक पडला नाही, आणि उरलेल्यांनी नुकसान केलं. इतक्या हुशार माणसांच्या कंपनीत ही गत. उलट बिंग या त्यांच्या सर्च इंजिनवरच्या जाहिरातींचं शीर्षक थोडं लांब करण्याची एक साधी कल्पना कुणीतरी सुचवली होती, ती सहा महिन्यांहून जास्त काळ पडून राहिली. २०१२ मध्ये एका इंजिनिअरने मनावर घेऊन ती चाचणीला लावली, तर उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं. अमेरिकेतच वर्षाला १० कोटी डॉलरच्या वर. कुठली कल्पना चालेल हे वरच्या माणसांना आधी कळतं, हा समज त्या एका उदाहरणानेही ढिला व्हायला हरकत नाही.

तुमच्याकडे लाखो वापरकर्ते नाहीत, त्यामुळे तसल्या चाचण्या जमायच्या नाहीत. मोजायला मात्र एक चांगला आकडा तुमच्याच डेटाबेसमध्ये पडलेला आहे. दिवसभरातल्या पावत्या सकाळपासून पसरलेल्या आहेत की संध्याकाळी एका दमात भरलेल्या? एजंटवार काढा, महिनाभर मागे जाऊन काढा. जुन्या ॲपचं आणि नव्या ॲपचं शेजारी शेजारी ठेवा. सोमवारी फीचर्सच्या आकड्याआधी हा आकडा सांगायला सुरुवात करा. मालक लोक आकड्यावर प्रेम करतात, तो कुठला ते ठरवायची संधी तुमच्याकडे आहे.

कुवतीचं म्हणाल तर पत्रावरून मला त्याबद्दल काही सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही इतक्यात सांगता यायचं नाही. बाजारात जाऊन या. उन्हात उभं राहून एका माणसाची बोटं बघत बसण्यात तुमचं मन रमलं, परत येताना एसटीत तुम्ही आणि तो डेव्हलपर तावातावाने बोलत राहिलात, तर हे काम तुमचं आहे. आणि पहिल्या तासातच ‘कधी एकदा ऑफिसात जाऊन हे कोडमध्ये लिहिते’ असं झालं, तर परत कोडिंगकडे जा, अगदी ताठ मानेने जा. आपल्याकडे डेव्हलपरने मॅनेजर होणं म्हणजे बढती आणि उलटं म्हणजे हार, असं धरून चालतात. चांगले डेव्हलपर गमावून सुमार मॅनेजर मिळवायचा हा उद्योग किती कंपन्यांनी केला असेल!

राहिला एक तारखेचा प्रश्न, आणि त्याला घाई आहे. जुनं ॲप सक्तीने बंद करू नका. बंद केलं तर एजंट नव्यावर येणार नाहीत, डायरीवर जातील, आणि तुम्हाला ते दिसणारही नाही, कारण संध्याकाळी नोंदी तर नव्या ॲपमध्येच होतील. सरांना वाटेल जिंकलो. आज जुनं चालू आहे म्हणून निदान एवढं तरी कळतं की माणसं पळतायत. सरांकडे एका संस्थेची एक शाखा आणि एक महिना मागा. तिथे दोन्ही ॲप चालू ठेवा, बाजारात जे दिसलं त्यातली एकच दुरुस्ती नव्यात करा, आणि किती एजंट आपणहून नव्यावर टिकतात ते बघा. निम्म्याहून जास्त टिकले तर पुढची शाखा. नाही टिकले तर त्या डेव्हलपरला घेऊन परत बाजारात. सर ऐकतील असं मी खात्रीने म्हणत नाही, त्यांचे पैसे आहेत. त्यांनी बंद करायचंच ठरवलं, तर ती तारीख मार्चअखेरच्या धावपळीत पडणार नाही एवढं मात्र आजच मेलवर लेखी घेऊन ठेवा.